वाढणारीचं ताट

धुळे,
२० ऑक्टोबर १९९५

आदरणीय केसरअक्का,
आधारचा सप्रेम जयभीम.

पाचोऱ्याच्या गाडीवरच्या कंडक्टरने काल बातमी दिली की वाल्मीकने मंदाचा फॉर्म भरला. सख्ख्या भाच्याची बायको ग्रामपंचायतीला उभी राहते आणि मामाला ते कंडक्टरकडून कळतं, यावरून मी काय समजायचं? वाल्मीकला मला विचारायचं नव्हतं, की कोणीतरी त्याला विचारू दिलं नाही?

राग नाही. आनंदच आहे. पण मला आधी हे सांग, मंदाला उभं कोणी केलं? वाल्मीकला आपणहून सुचलं असेल असं मला वाटत नाही. आपल्या वॉर्डातली जागा आपल्या बायांसाठी राखीव झाली, म्हणून मोतीलालशेठना एकदम वस्ती आठवली असणार. आणि त्यांच्या विरुद्धच्या पॅनलने भागाबाईला उभं केलंय म्हणे. म्हणजे मालक दोन्हीकडे तेच, आणि समोरासमोर उभ्या आपल्याच वस्तीतल्या दोन बाया. निवडून कोणीही आली तरी सही कुठे करायची ते वरचे सांगणार. हे तुझ्या लक्षात आलंय का?

मी बसस्थानकावर कंट्रोलरच्या खिडकीत बसतो. समोरचा माणूस खरंच पुढच्या गावाला चाललाय की नुसता सावलीला उभा आहे, हे मला त्याच्या पिशवीवरून कळतं. तुला तसं कळत नाही. तुला सगळे चांगले वाटतात. म्हणून सांगतो, कोणी गोड बोललं तर दोनदा विचार कर. जीपमधून न्यायला येतील, बसू नका. आमच्या इथला सोनगीरचा एक ड्रायव्हर सांगतो, त्यांच्याकडे मतदारांना जीपमध्ये बसवलं आणि मतदान संपेपर्यंत देवदर्शनच घडवलं. आणि त्या भागाबाईपासून जरा लांब राहा. तुझं तिच्याकडे जाणं-येणं आहे हे मला माहीत आहे.

मत ही आपल्याला फुकट मिळालेली गोष्ट नाही, हे तुला मी सांगायला नको. माझं नाव मी मुद्दाम अजून गावच्या यादीत ठेवलंय. मतदानाला येतोच.

तुझा,
आधार

*

खडकटेक, ता. पाचोरा
२९ ऑक्टोबर १९९५

चि. आधार यास,
केसरअक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मंदाने वाचून दाखवलं. हे उत्तरही तीच लिहिते आहे. मी आपल्या बोलीत सांगते, ती शाळेच्या भाषेत लिहिते, म्हणून या पत्रात मी तुला जरा शहाणी वाटेन. तेवढं चालवून घे.

मंदाला उभं कोणी केलं, तर मोतीलालशेठनीच. त्यात लपवायचं काय आहे? ते ओट्यावर येऊन बसले, चहा प्यायले आणि वाल्मीकला म्हणाले, तुझी बायको सातवी शिकलेली आहे. वाल्मीक त्या दिवसापासून दोन बोटं उंच चालतो. मंदाला कोणी विचारलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, सगळे म्हणतात तर राहते उभी. तिची निशाणी कपबशी, भागाबाईची छत्री.

आता वस्तीतले लोक मत कसं ठरवतात ते ऐक, तुला फार काळजी आहे म्हणून. द्रौपदाबाई म्हणते, जो आधी मागायला आला त्याला शब्द गेला, आता दुसऱ्याला कसा देऊ. पुना म्हणतो, छत्री शेतात कामाला येते, कपबशी फुटते. गाद्या भरणारा नजीर दोन्हींना हो म्हणाला. मी त्याला टोकलं, तर म्हणतो, "भाभी, दोनो खुश हुई ना? फिर?" आणि वाल्मीक घराघरात जाऊन माणसं मोजतो आणि घरी येऊन सांगतो, सीट पक्की आहे.

मला विचारशील तर मला पॅनल कळत नाही. वस्तीत नळ यावा एवढं कळतं. दोघंही म्हणतात नळ आणू. खोटं बोलणारा एकच असता तर निवडणं सोपं होतं.

भागाबाईबद्दल तू लिहिलंस ते मला आवडलं नाही. जळगावला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुझी ड्यूटी होती आणि वाल्मीकची कापसाची वेचणी होती. माझ्या खाटेशी भागाबाई बसली होती. ती छत्रीवर उभी राहिली म्हणून मी तिच्या दारावरून तोंड फिरवून जाणार नाही.

आमच्याकडे शिकवणी चालू आहे. वाल्मीकने कागदावर निशाण्या काढल्या, बाटलीच्या बुचाला काजळ लावलं आणि सगळ्या म्हाताऱ्यांना शिक्का मारायला बसवलं. मी पहिल्यांदा दोन्हींवर मारला. वाल्मीक म्हणाला, असं केलं तर मत बाद. मी म्हटलं, नजीरचं तर मग बादच होणार.

तुझी भाचेसून कशी पुढारी होणार ते मला कळत नाही. वर्षावास संपला तेव्हा विहारात जेवण होतं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. हिने अख्ख्या पंगतीला वाढलं आणि शेवटी रिकामं ताट घेऊन बसून राहिली. हिच्या माहेरी सावद्याकडे म्हणे रीत आहे, वाढणारीने आपल्या ताटात आपल्या हाताने घ्यायचं नाही, दुसरीने वाढायचं. बाकीच्या बाया भांडी घासायला निघून गेल्या. ही बसली आहे, समोर टोपलीत बट्ट्या आहेत, आणि हात लावत नाही. शेवटी भागाबाई परत आली आणि तिने वाढलं, तेव्हा ही जेवली. मी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

(मामा, मी उपाशी वगैरे नव्हते. अक्का वाढवून सांगतात. — मंदा)

मतदान बारा नोव्हेंबरला, रविवारी आहे. आदल्या दिवशी ये. तुझ्यासाठी कळण्याची भाकरी करते.

केसरअक्का

*

धुळे,
१६ नोव्हेंबर १९९५

आदरणीय अक्का,
जयभीम.

हे पत्र मंदाकडून वाचून घेऊ नकोस. शाळेत गुरुजींकडे जा आणि त्यांच्याकडून वाच. वाल्मीकलाही दाखवू नकोस.

वाल्मीकचं कार्ड मिळालं. एका मताने पडली. मी ते कार्ड खिडकीत बसून वाचलं आणि त्यानंतर कोणती गाडी कधी सोडली ते मला आठवत नाही. पुष्कळ मतांनी पडली असती तर काही वाटलं नसतं. एका मताने पडणं म्हणजे कोणीतरी एक माणूस आहे. त्याला नाव आहे, घर आहे, आणि तो आज तुमच्यात हिंडतोय.

मला यायचं होतंच. पण सुट्टी संपवून परतणाऱ्यांची गर्दी, ज्यादा गाड्या, आणि साहेबांनी रजा नाकारली. शिवाय वाल्मीकचा निरोप होता की सीट पक्की आहे. म्हणून फार ताणलं नाही.

आता मी वस्ती डोळ्यांसमोर आणून एकेक घर पाहिलं. नजीर दोघींना हो म्हणाला होता, पण त्याच्या रहिमाबीचं आणि मंदाचं सूत जमतं, ती नवऱ्याला बरोबर वळवणार. द्रौपदाबाई शब्दाची पक्की, आणि तिच्याकडे आधी वाल्मीकच गेला होता. पुना छत्रीचा, ते उघडच होतं, त्याला वाल्मीकने धरलंच नव्हतं. ज्यांनी शब्द दिला होता त्यांच्यातलं कोणी फुटलं असं मला दिसत नाही. फिरून फिरून मी आपल्याच उंबऱ्यात येऊन उभा राहतो, अक्का.

वाल्मीक लिहितो, मतदान करून तू शाळेतून बाहेर पडलीस ती घरी न येता थेट भागाबाईच्या ओट्यावर जाऊन बसलीस आणि तिथे चहा प्यायलीस. सगळ्या गावादेखत. त्याला त्यात काही वाटलं नाही, तो नुसतं लिहून गेला. मला वाटलं. आणि तुझं मागचं पत्र मी परत काढून वाचलं. त्यात मंदाच्या नुसत्या गमती आहेत आणि भागाबाईच्या दोन-दोन उपकारांच्या गोष्टी आहेत.

म्हणून सरळ विचारतो. छत्रीवर शिक्का तू मारलास का? मी कोणाला सांगणार नाही. मला फक्त माहीत असायला हवं.

आधार

*

खडकटेक,
२४ नोव्हेंबर १९९५

चि. आधार यास,
जयभीम.

अरे, मला वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. मग मंदाकडून वाचू नकोस हे तू आत लिहिलंस, ते मला मंदाने वाचल्याशिवाय कसं कळणार होतं? सगळ्या जगावर नजर ठेवणारा माणूस तू, आणि एवढं तुझ्या ध्यानात आलं नाही.

तिने पहिली ओळ वाचली आणि थांबली. मी म्हटलं, वाच. ती म्हणाली, गुरुजींकडे जायला लिहिलंय. मी म्हटलं, तू वाच, आपल्यात काय चोरी आहे. मग तिने शेवटपर्यंत वाचलं, एक शब्द न गाळता. वाचून झाल्यावर वर पाहिलं तर वाल्मीक दारात उभा. केव्हापासून उभा होता देव जाणे.

दुसऱ्या दिवशी त्याने अंगणात तीन दगड मांडले आणि मंदाला सांगितलं, "आजपासून मनी भाकर आठे कर. तिना हातनं माले नको." माझ्याकडे बघून नाही म्हणाला, चुलीकडे बघून म्हणाला. माझ्या पोटचा मुलगा आहे, म्हणून लागलं. दुसऱ्या कोणाचं लागलं नसतं.

तेव्हापासून घरात दोन चुली आहेत. पीठ मंदा एकाच परातीत मळते, अर्ध्या भाकरी आत करते आणि अर्ध्या बाहेर. वाल्मीकला वाटतं तो वेगळं खातो.

वस्तीतही हवा फिरली आहे. नळावर — नळ कुठला, हापशावर — मी गेले की बाया बोलायच्या थांबतात. द्रौपदाबाई तर म्हणाली, "केसर, बठ्ठी वस्ती बोली राह्यनी." मी म्हटलं, बोलू दे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी सांगणार नाही. कपबशीवर मारला असेल तरी सांगणार नाही आणि छत्रीवर मारला असेल तरी नाही. तूच ना लहानपणी मला सांगायचास, की पाटलाचं मत आणि आपलं मत एका मापाचं आहे? मग पाटलाला कोणी विचारतं का, तू कुठे शिक्का मारलास म्हणून? त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी उभी होते. जन्मात तेवढीच एक जागा मी पाहिली जिथे माझ्यामागे नवरा नाही, मुलगा नाही, भाऊ नाही. तिथलं मी बाहेर आणणार नाही.

भागाबाईकडे चहा प्यायले, कारण तिने हाक मारली आणि मला तहान लागली होती.

मंदा इथे काहीतरी लिहून खोडते आहे. काय ते सांगत नाही. दोनदा खोडलं. पत्र घाण दिसलं तर तिचा दोष, माझा नाही.

केसरअक्का

*

धुळे,
१ डिसेंबर १९९५

आदरणीय अक्का,

तू "नाही" एवढं एकच लिहिलं असतंस, तर मी विश्वास ठेवला असता. तू एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि ते लिहिलं नाहीस. विनातिकीट माणूस सापडला की असाच बोलतो. तिकीट सोडून सगळं सांगतो.

तू हक्काच्या गोष्टी मला शिकवू नकोस. तो हक्क आहेच. पण घर फुटतंय, वाल्मीक तुझ्या हातचं खात नाही, आणि एका शब्दाने हे सगळं मिटणार असताना तू तो शब्द देत नाहीस, याचा अर्थ मी काय घ्यावा? मला हे लिहिताना त्रास होतो. आई गेल्यावर मला तूच मोठं केलंस. तुझ्यावर संशय घ्यायचा म्हणजे माझ्याच अंगाला ओरखडे काढल्यासारखं आहे. पण संशय आलाय आणि जात नाही, हेही खरं.

एक मार्ग सुचवतो. सहा डिसेंबरला वस्ती विहारात जमेल. सगळ्यांसमोर बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेव आणि सांग, मी माझ्या सुनेला मत दिलं. वस्तीचं तोंड बंद होईल. वाल्मीकलाही मी तसं लिहिलं आहे, तो तयार होईल.

आणि ते तुला करता येत नसेल, तर मग तू तिथे राहू नकोस. सामान आवर आणि माझ्याकडे धुळ्याला ये. मी काही विचारणार नाही.

आधार

*

खडकटेक,
१४ डिसेंबर १९९५

चि. आधार यास,
केसरअक्काचा जयभीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोन लुगडी आणि डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली पिशवीत भरली. मी काही विचारणार नाही, असं तू लिहिलंस, पण तुझ्या घरात मी रोज त्या न विचारलेल्या प्रश्नासमोर जेवायला बसले असते. तरी मी यायचं ठरवलं होतं. अंगणातली ती चूल मला बघवत नव्हती.

सहा तारखेला विहारात मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. लोक उठायला लागले तेव्हा वाल्मीक म्हणाला, थांबा. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, "माय, हात ठेव आणि सांग. मामानी लिखेल शे." आधार, त्याला मी खोटी ठरायला नको होते. त्याला फक्त जेवायला आत यायचं होतं.

मी म्हटलं, हा फोटो हात जोडायला आहे, साक्षीला नाही. बाबासाहेबांनी मत दिलं ते पेटीत टाकायला. गावाला मोजून दाखवायला दिलं नाही. मी हात ठेवणार नाही. उद्या धुळ्याच्या गाडीने जाते.

तेव्हा मागे बायांमधून मंदा उठली. डोक्यावरचा पदर तसाच, मान खाली. म्हणाली, "अक्कांना नका विचारू. मी माझं मत भागाबाईला दिलं."

वाल्मीक म्हणाला, "तू? तू तर उभी व्हतीस."

ती म्हणाली, "उभी होते म्हणूनच. आपल्या ताटात आपणच कसं वाढून घ्यायचं? मला वाटलं भागाबाई मला वाढेल."

मग भागाबाई, सरपंचाच्या शेजारी बसायची खुर्ची मिळालेली बाई, तोंडाला पदर लावून म्हणाली, "माय वं मंदा, मी ते मनं मत मालेच दिन्हं." तिने आपलं ताट आपणच वाढून घेतलं होतं. पहिल्यांदा नजीर हसला. तो दाराबाहेर उभा होता. मग सगळे हसले. वाल्मीक नाही हसला. तो विहाराच्या पायरीवर जाऊन बसला, आणि मंदा आणि मी घरी आलो.

मला हे कधी कळलं, असं तू विचारशील. मतदानाच्या दिवशीच. मी भागाबाईच्या ओट्यावर बसले होते, मंदा शाळेतून आली आणि भागाबाईकडे बघून हसली. वाढून झालेली बाई ताट घेऊन बसते ना, आणि आता कोणी आपल्याला वाढेल म्हणून बघते, तसं. मी त्याच वेळी समजले. आणि दुसऱ्या दिवशी एका मताची बातमी आली, तेव्हा ठरवलं की हे या पोरीच्या तोंडून बाहेर पडता कामा नये. वाल्मीकने हिला माहेरी घालवलं असतं. मला कुठे घालवणार? म्हणून मी गप्प राहिले. मला वाटलं संशय माझ्यावर आहे तोवर तिच्यावर नाही.

(मामा, हे अक्का आज सांगताहेत, आणि लिहिता लिहिता मला कळतं आहे. तुमचं ते पत्र वाचताना मला वाटत होतं की त्यांना काही माहीत नाही. मी दोनदा लिहून खोडलं ते माझ्या मताचंच होतं. — मंदा)

रडू नको गं, अक्षर बिघडेल. हेही लिहिलंस का? बरं.

वाल्मीक दोन दिवस मंदाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने अंगणातले तीन दगड उचलले आणि बांधावर टाकले. आत येऊन माझ्यासमोर बसला. मी वाढलं. त्याने दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मंदा अजून त्याला घाबरून आहे, पण ते जाईल. मी पिशवीतली लुगडी परत दांडीवर टाकली आहेत.

नळाचं विचारशील तर भागाबाईने पहिल्या सभेत नळाचं काढलं. तिला सांगितलं, पुढच्या सभेत बघू. मंदा निवडून आली असती तरी हेच सांगितलं असतं. आता दोघी मिळून जाणार आहेत म्हणे. बघू.

माझं मत कोणाला गेलं, ते तुला अजून हवं असेल. ते मी आताही सांगणार नाही. मंदालाही नाही सांगितलं, आणि तिने विचारलंही नाही. तुम्हा सगळ्यांत मला न विचारणारी ती एकटीच.

तुझ्यावर माझा राग नाही. लहानपणी तुला भाकरी वाढली तरी तू आधी माझ्या ताटात बघायचास, मोठी कोणाची म्हणून. मला तेव्हाही त्याचं हसूच यायचं. पण या वेळी हसू आलं नाही, हे तुला माहीत असावं.

थंडी पडली आहे, कानटोपी घालत जा.

केसरअक्का

ता. क. मंदा मघापासून एक गोष्ट विचारते आहे. म्हणते, मामांचं नाव यादीत होतं, ते त्या दिवशी आले असते तर बरोबरीच झाली असती, चिठ्ठी टाकावी लागली असती, मग मामांनी सगळी घरं पाहिली त्यात स्वतःचं का नाही पाहिलं? मी तिला म्हटलं, हे लिहू नकोस, त्याला वाईट वाटेल.

ती लिहितेच आहे.